झाकली मूठ बावीस किलोची

सांगायला लाज वाटते, पण सांगून टाकते. चार महिन्यांपूर्वीच्या एका शनिवारी, सकाळी सात वाजता, नवी मुंबईतल्या एका ड्रायव्हिंग रेंजवर मी आयुष्यातला सगळ्यात लांब शॉट मारला. फक्त बॉल जागच्या जागी होता. गेला तो क्लब! सेव्हन आयर्न माझ्या घामट हातांतून सुटला, हवेत दोन गिरक्या मारल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसापासून दोन हातांवर जाऊन पडला.

शेजारी कोण उभं होतं? आमचे साहेब. आणि साहेबांच्या पलीकडे आमचा सगळ्यात मोठा क्लायंट.

"नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम," साहेब हसत म्हणाले. पण पुढच्या शनिवारच्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये माझं नाव नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, दादरच्या दोन खोल्यांत वाढलेल्या मुलीला हे गोल्फचं खूळ कुठून? तर मंडळी, खूळ नाही, गरज. गेली दोन वर्षं मी या क्लायंटचं काम करतेय. आकडे माझे, स्लाइड्स माझ्या, रात्री अकराचे कॉल माझे. पण सोमवारी सकाळी मी लॅपटॉप उघडायच्या आधीच निर्णय झालेला असायचा. कधी झाला? शनिवारी. कुठे झाला? सातव्या होलवर. टीममधले तिघं तिथे असायचे, मी नसायचे. कुणी मला मुद्दाम टाळत होतं असंही नाही. "तू खेळत नाहीस ना," एवढंच. हे "तू खेळत नाहीस ना" फार जुनं आहे बरं का. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबने पहिल्यांदा महिलांना सदस्यत्व दिलं ते २०१२ मध्ये. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमधल्या, गोल्फची काशी म्हणावं अशा रॉयल अँड एन्शंट क्लबने २०१४ मध्ये. म्हणजे मी कॉलेजात असताना!

तेव्हा मी ठरवलं, खेळायचं. आणि पहिल्याच महिन्यात क्लब फेकून मारला.

स्ट्राँग म्हणजे काय रे भाऊ?

आमचे कोच चेंबूरचे. लहानपणी तिथल्या गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून साहेब लोकांच्या बॅगा वाहायचे. त्या क्लबला लागून असलेल्या वस्तीत पोरं लोखंडी सळी वाकवून क्लब बनवतात, प्लास्टिकचा बॉल घेतात आणि गल्लीबोळांत गोल्फ खेळतात. कोच त्याच शाळेत शिकलेले. इंग्रजी पुस्तकात जे चार पानांत असतं ते हा माणूस एका वाक्यात सांगतो.

त्या फजितीनंतर मी त्यांना म्हटलं, "सर, माझी ग्रिप वीक आहे. मला स्ट्राँग ग्रिप शिकवा." मी काल रात्री इंटरनेटवर वाचून गेले होते ना!

ते हसायलाच लागले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणताय ते वेगळं आणि पुस्तक म्हणतंय ते वेगळं."

गोल्फमध्ये "स्ट्राँग ग्रिप"चा ताकदीशी काडीचा संबंध नाही. डावा हात क्लबवर किती उजवीकडे वळवून ठेवलाय, एवढाच त्याचा अर्थ. उजव्या हाताने खेळणाऱ्याने खाली बघितलं आणि डाव्या हाताची तीन-चार बोटांची हाडं दिसली, तर ग्रिप स्ट्राँग. जेमतेम एक दिसलं तर वीक. वीक ग्रिपने क्लबचं तोंड उघडं राहतं आणि बॉल केळ्यासारखा वळून उजवीकडच्या झाडीत जातो. बहुतेक नवशिक्यांचा हाच आजार. हात जरासा वळवला की बरा होतो.

दोन हात एकमेकांत कसे अडकवायचे याच्याही तीन पद्धती. उजव्या हाताची करंगळी डाव्या हातावर टेकवायची ती व्हार्डन ग्रिप, हॅरी व्हार्डन या खेळाडूने लोकप्रिय केलेली. करंगळी आणि तर्जनी एकमेकांत गुंफायची ती इंटरलॉकिंग. जॅक निकलस आणि टायगर वूड्स दोघंही तीच वापरतात. आणि बॅट धरावी तशी दहा बोटांची तिसरी. माझे हात लहान, म्हणून कोचनी मला इंटरलॉकिंग दिली.

मग म्हणाले, "आता धरा." मी धरला. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"एक ते दहात किती जोर लावताय?"

"नऊ?"

"चार पाहिजे. मॅडम, काठी धरायला दिलीय, गळा दाबायला नाही."

सॅम स्नीड हा जुना अमेरिकन खेळाडू सांगायचा, क्लब असा धरा की हातात पक्ष्याचं पिल्लू आहे. उडून जाऊ नये, पण गुदमरूही नये. ऐकायला गोड. पण मी जोर चारवर आणला की क्लब हातात फिरायचा आणि नऊवर नेला की खांदे कानाला लागायचे. आता बोला!

पिळण्याचा प्रश्न

मग मी तेच केलं, जे आपल्यापैकी कुणीही केलं असतं. ऑनलाइन जाऊन स्प्रिंगवाला हँड ग्रिपर मागवला. आणि सुटले. कॉलवर असताना ग्रिपर, लोकलमध्ये ग्रिपर, सिरियल बघताना ग्रिपर. दिवसाला तीनशे. वर दिवसभर माऊस आणि कीबोर्ड.

तिसऱ्या आठवड्यात उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की चहाचा कप उचलवेना. याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. गंमत बघा, धड गोल्फर झाले नव्हते पण एल्बो मात्र गोल्फरचा झाला! बोटं मिटवणारे आणि मनगट आत वळवणारे स्नायू कोपराच्या आतल्या हाडाला जिथे चिकटतात, तिथला कंडरा अतिवापराने कुरकुरायला लागतो. बाहेरच्या बाजूला दुखलं तर तो टेनिस एल्बो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, कंडऱ्यांना जास्त वेळ लागतो. आपण उत्साहाच्या भरात स्नायूंच्या वेगाने पळतो आणि कंडरा मागे राहतो.

फिजिओकडे गेले. आईच्या गुडघ्याची अपॉइंटमेंट होतीच, तिच्यासोबत मीही घुसले. फिजिओबाईंनी हात तपासला आणि माझ्या हातात एक यंत्र दिलं. डायनॅमोमीटर. हँडल दाबायचं, काट्यावर किलो दिसतात.

उजवा हात बावीस. डावा एकोणीस.

आता उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब मुख्यतः सांभाळतो तो डावा हात, त्यातही शेवटची तीन बोटं. म्हणजे माझी सगळी भिस्त नेमकी एकोणीस किलोवर होती.

"बघू ग, काय आहे ते," म्हणून आईने यंत्र घेतलं आणि सहज दाबलं.

सत्तावीस.

मी एकतीस वर्षांची. आई एकोणसाठची. मी जिमची मेंबर, आई गुडघ्याची पेशंट. फिजिओबाईंनी काटा शून्यावर आणून पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा सत्तावीस.

"अगं, त्यात काय," आई म्हणाली. "चाळीस वर्षं कणीक तिंबतेय. चादरी पिळल्यात. गिरणीतून दळण आणलंय. तुमच्या पिढीने पिळलंय काय आयुष्यात? नुसती बटणं दाबलीत."

हसलो सगळे. पण घरी येताना टॅक्सीत मी गप्प होते. आता गोष्ट गोल्फची राहिली नव्हती. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला होता. भारत धरून १७ देशांतली जवळजवळ १ लाख ४० हजार माणसं. मुठीची ताकद ५ किलोंनी कमी असली, की कुठल्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका सरासरी १६ टक्के जास्त, असं त्यात दिसलं. घाबरू नका. बॉल दाबत बसल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. मूठ हा ताप मोजायच्या थर्मामीटरसारखा आहे. सगळ्या शरीरात किती बळ आहे ते ती सांगते. माझा थर्मामीटर जे सांगत होता ते मला आवडलं नव्हतं.

आणि एक आठवलं. सातवीपर्यंत मी शिवाजी पार्कला दोरीच्या मल्लखांबाला जायचे. बोटांच्या बेचक्यात दोरी धरून सरसर वर. उलटं लटकून खाली बघायचं. हाताला घट्टे होते, त्याचा केवढा अभिमान होता! मग सातवीची स्कॉलरशिप आली, क्लास लागला, मल्लखांब सुटला तो सुटलाच. २०१९ मध्ये त्याच शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा मी ऑफिसातून येताना बाहेरून बघत उभी होते. म्हणजे मुळात मला मूठ नव्हती असं नाही. मी ती ठेवून आले होते कुठेतरी.

ताकद कशाला? सैल सोडायला!

फिजिओबाई आणि कोच, दोघांनी मिळून माझ्या डोक्यात जो प्रकाश पाडला तो असा.

सेव्हन आयर्नचं डोकं साधारण पाव किलोचं. माझ्यासारखीने ते ताशी ९० किलोमीटरने फिरवलं, तरी खाली येताना ते बाहेर ओढ घेतं ती जवळपास दहा किलोंची. नामवंत पुरुष खेळाडूंचा ड्रायव्हर ताशी १८० किलोमीटरच्या वर जातो, तिथे ही ओढ तीस किलोंच्या घरात. आणि ही ओढ थोपवायची कशाने? तळहात आणि रबर यांच्यातल्या घर्षणाने. ग्रिप घामट, गुळगुळीत झालेली असेल तर मूठ आणखी आवळावी लागते.

आता ज्याची मूठ चाळीस किलोची आहे तो हे काम अर्ध्या जोरात करतो. बावीसवालीला जवळजवळ सगळा जोर लावावा लागतो. सगळा जोर लावला की मनगट ताठ, कोपर ताठ, खांदा ताठ. आणि ताठ हातातून वेग येत नाही. ओला टॉवेल झटकताना मनगट सैल नसेल तर फटका वाजतो का? तसंच.

थोडक्यात, मूठ बळकट करायची ती क्लब आवळण्यासाठी नाही, न आवळता धरता यावा म्हणून. पक्ष्याचं पिल्लू हळुवार धरायला बळकट हात लागतो, हे स्नीडसाहेबांच्या शिकवणीत कुणी सांगतच नाही.

गॅरी प्लेअर हा दक्षिण आफ्रिकेचा खेळाडू १९५० च्या दशकात वजनं उचलायचा तेव्हा लोक त्याला हसायचे. गोल्फरला स्नायू कशाला हवेत म्हणून. त्याने नऊ मेजर स्पर्धा जिंकल्या. अर्थात नुसती ताकद म्हणजे गोल्फ नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, आपली अदिती अशोक चौथी आली. भल्या पहाटे उठून आपण सगळ्यांनी ते बघितलं. लांब फटके मारणाऱ्यांत तिची गणना नव्हतीच. तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारणाऱ्या तिच्या मागे राहिल्या.

माझा मुठीचा टाइमटेबल

कोपर शांत होईपर्यंत ग्रिपर कपाटात. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी, वीस मिनिटं. फारसं सामान लागत नाही.

लटकणं: सोसायटीच्या बागेतल्या मुलांच्या दांडीला. सुरुवातीला दहा सेकंदांत हात सुटायचे. तीन वेळा, मध्ये एक मिनिट विश्रांती. आता पस्तीस सेकंद टिकते. सोसायटीतली पोरं मोजतात.

पिशव्या घेऊन चालणं: जिममध्ये याला फार्मर्स वॉक म्हणतात. दोन्ही हातांत सारखं वजन, पाठ ताठ, खांदे खाली, तीस पावलं जायचं, तीस यायचं. मी आठ-आठ किलोंनी सुरू केलं. पाण्याचे कॅन चालतात, भाजीच्या पिशव्याही. दादर मार्केटमधून घरी येईपर्यंत व्यायाम पूर्ण!

टॉवेल पिळणं: ओला जाड टॉवेल दोन्ही दिशांना पिळायचा, प्रत्येकी दहा वेळा. गोल्फच्या सगळ्यात जवळचा व्यायाम हाच, कारण दोन्ही हात एकाच गोष्टीवर उलटसुलट काम करतात. आईने या व्यायामाला चादरी पुरवल्या.

बादलीत हात: तांदळाच्या डब्यात हात खुपसून बोटं उघडायची, मिटायची, मनगट फिरवायचं. परदेशात बेसबॉलवाले फार करतात. आमच्याकडे पहिल्याच दिवशी "अन्नात हात घालून कसले व्यायाम!" झालं. मग जुन्या बादलीत वाळू आणली. एक मिनिट, दोन वेळा.

रबर: भाजीच्या जुडीला येतं ते. पाचही बोटांभोवती घालायचं आणि बोटं उघडायची, वीस वेळा. मिटवणाऱ्या स्नायूंचे लाड आपण दिवसभर करतो, उघडणाऱ्यांना कुणी विचारत नाही. कोपराची निम्मी दुखणी इथे टळतात, असं फिजिओबाईंचं म्हणणं. हे एकच ऑफिसात डेस्कवर करण्यासारखं आहे.

क्लब फिरवणं: कोपर टेबलावर टेकवून क्लब मधोमध धरायचा आणि हळूहळू डावीकडे, उजवीकडे लवंडायचा. जमायला लागलं की हात टोकाकडे सरकवायचा. हातभर सरकवला की कळतं पाव किलो म्हणजे काय.

तीन पथ्यं. खेळायच्या आदल्या दिवशी हे सगळं बंद, थकलेली मूठ क्लब फेकते (अनुभव आहे). दुखलं तर थांबायचं, "नो पेन नो गेन" टी-शर्टवर शोभतं. आणि व्यायामाच्या आधी क्लबची ग्रिप कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुऊन कोरडी करा. मी धुतली तेव्हा पाणी काळं झालं होतं. माझा अर्धा अशक्तपणा तिथेच वाहून गेला. शिवाय डाव्या हाताचा ग्लव्ह मापाचा घ्या आणि मुंबईच्या घामासाठी बॅगेत दुसरा ठेवा.

सातवा होल

तीन महिन्यांनी मीच साहेबांना मेसेज टाकला. "सर, शनिवारी चौथा माणूस लागला तर मी आहे." दोन निळ्या टिक. एक तास शांतता. मग, "६.१५. उशीर नको."

नऊ होल खेळलो. माझे त्रेसष्ट फटके झाले. खेळणाऱ्यांना कळेल की हा आकडा अभिमानाने सांगण्यासारखा नाही. दोन बॉल पाण्यात, एक झाडीत. पण क्लब एकदाही सुटला नाही. आणि सातव्या होलवर, एकशे दहा यार्ड, हातात तोच सेव्हन आयर्न. मी श्वास सोडला, जोर चारवर आणला, डाव्या हाताची तीन बोटं तेवढी जागी ठेवली. टक् असा आवाज झाला आणि हाताला काही जाणवलंच नाही. बॉल ग्रीनवर जाऊन थांबला. झेंड्यापासून लांब होता, पण ग्रीनवर होता.

"शॉट!" क्लायंट म्हणाला. मग ग्रीनकडे चालता चालता म्हणाला, "त्या तिसऱ्या तिमाहीच्या आकड्यांत मला एक कळलं नाही." साहेबांनी तोंड उघडलं, पण ते आकडे त्यांचे नव्हते. माझे होते. पुढचे दोन होल आम्ही तेच बोलत चाललो. सोमवारी प्रेझेंटेशन मी केलं. प्रमोशन वगैरे काही झालेलं नाही, गैरसमज नको. पण शनिवारच्या मेसेजमध्ये आता माझं नाव असतं.

गेल्या आठवड्यात आईच्या गुडघ्यासाठी पुन्हा फिजिओकडे गेलो. यंत्र मी स्वतःच मागून घेतलं. डावा चोवीस. उजवा सव्वीस. आईने पिशवी माझ्या हातात दिली, यंत्र घेतलं आणि दाबलं. सत्तावीस.

"बघा, आता दोघींत एकाच किलोचा फरक," फिजिओबाई म्हणाल्या.

"एका किलोचा आणि अठ्ठावीस वर्षांचा," आई म्हणाली, आणि दळणाचा डबा कधी आणतेस, म्हणून विचारलं.